दहिसरहून आणलेला चेहरा

मुलुंडहून दहिसरला जाण्याला कोणी प्रवास म्हणत नाही. आमच्या इमारतीत लंडनला जाऊन आलेलं एक कुटुंब आहे, काश्मीरला जाऊन आलेली चार-पाच आहेत, आणि त्या सगळ्यांचे अल्बम मी बघितले आहेत. दहिसर बघून आलेलं मात्र कोणी नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी चित्रकार आहे. गेल्या वर्षी कला महाविद्यालयातून बाहेर पडले. शाळा इंग्रजी माध्यमाची, नन्सची. तिथे उभं राहून बोलायला सांगितलं की माझे कान तापायचे, पण फळ्यावर चित्र काढायला सांगितलं तर सगळ्या वर्गादेखत अर्धा फळा भरून टाकायची. माझा माझ्या हातावर विश्वास आहे. तोंडाचं अजून सांगता येत नाही.

मे महिन्यात आमच्या सरांनी जुन्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन ठरवलं आणि मला एक भिंत देऊ केली. मी माझी चित्रं घेऊन गेले. भाजी बाजार, देवळाची रांग, नळावरच्या बायका. सरांनी ती जमिनीवर मांडली आणि त्यांच्याभोवती एक फेरी मारली.

"मीना, तुझ्या चित्रांतली सगळी माणसं निघून चालली आहेत."

मी बघितलं. खरंच होतं. सगळी पाठमोरी.

"रंग चांगले आहेत, हात चांगला आहे. पण कोणीतरी थांबू दे की. एक चेहरा आण. एकच. पुढच्या सोमवारी आणलास तर भिंत तुझी, नाहीतर मी ती दुसऱ्याला देतो."

पाठी मी का काढते याचं कारण मला ठाऊक होतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लहानपणापासून मी खिडकीतून चित्रं काढली. वरून दिसतात ती डोकी, खांदे आणि वेण्या. खाली कोणाला कळत नाही की आपण बघतोय. शाळेत बक्षीस म्हणून संतांची छोटी चित्रं मिळायची, त्यांतल्या सगळ्यांचे डोळे वर आकाशाकडे लागलेले. घरात चित्रं म्हणजे बिस्किटांच्या डब्यांची झाकणं, त्यांवर लांबवर चाललेली घोडागाडी. माझं सगळं शिक्षण अशा चित्रांवर झालं ज्यांत कोणीही माझ्याकडे बघत नव्हतं. मला ते सोयीचं होतं.

नलूमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पाळीची नोकरी करते आणि दहिसरला बैठ्या चाळीत एकटी राहते. तिला हे कळल्यावर ती म्हणाली, "मग इकडे ये ना. तुमच्या बिल्डिंगमध्ये माणसं दारं लावून बसतात, तोंडं दिसणार कशी? आमच्याकडे तोंडंच तोंडं. हवं ते उचल."

डोंगराची दुसरी बाजू

पोचले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी गोंधळले. मावशीच्या चाळीमागे थोड्या अंतरावर डोंगर आहे आणि त्याच्यामागून सूर्य वर येत होता. तो डोंगर माझ्या ओळखीचा. मुलुंडला आमच्या मागच्या खिडकीतून तोच दिसतो, आणि तिकडे सूर्य त्याच्यामागे मावळतो. मधे ते बोरिवलीचं जंगल. मी त्या डोंगराची निदान पन्नास चित्रं काढली असतील, सगळी संध्याकाळची, जांभळी. सकाळचा तो विटकरी असतो आणि त्याच्यावर झाडं वेगवेगळी मोजता येतात, हे मला बावीस वर्षं माहीत नव्हतं. दात घासायच्या आधी मी त्याचं चित्र काढलं.

नदीही बघितली. दहिसरची नदी जंगलातून येते. मे महिन्यात तिच्यात दगड जास्त आणि पाणी कमी, पण डोहांतून पाणी असतं. एका डोहात म्हशी बसल्या होत्या, दुसऱ्यावर धोब्यांचे कपडे. म्हशींनी माझ्याकडे सरळ बघितलं. मी त्यांचे चेहरे काढले. पाच म्हशी, सगळ्या समोरून. मावशीला दाखवले तर ती हसून म्हणाली, "सर चालवून घेतील का बघ."

चाळीत दारं सकाळी उघडतात ती झोपायच्या वेळी लागतात. आमच्याकडे शेजाऱ्यांकडे जायचं तर बेल वाजवून "डिस्टर्ब तर नाही ना केलं" असं म्हणायचं असतं. इथे माणूस वाक्याच्या मध्यावर आत शिरतो. पहिल्याच दिवशी शेजारच्या सरूकाकू हातात ताटली घेऊन आल्या आणि माझ्याशी जणू कालचंच बोलणं पुढे चालू केलं.

"आणि घावणे खातंस ना गो? नाय म्हणू नको, मी काय तुका इच्यारूक नाय इलंय."

सरूकाकू मालवणच्या. पन्नाशी उलटलेल्या, उंच, आवाज मोठा. दोन्ही मुलगे लग्न होऊन नालासोपाऱ्याला गेलेले. त्यांचे यजमान पांडूकाका गिरणीत होते. संपात गिरणी सुटली, तेव्हापासून ते गोरेगावला सिनेमाच्या एका स्टुडिओत रंगखात्यात आहेत. काका जितके कमी बोलतात तितकं काकू भरून काढतात. घावणे पांढरेशुभ्र, जाळीदार, आणि बरोबर गूळ घातलेला नारळाचा रस. मी पाच खाल्ले. रात्री त्यांच्याकडचं सुक्या बांगड्याचं तिखट खाल्लं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आमच्याकडे तिखट म्हणजे मिरपूड.

"मराठी बरा बोलतंस," काकू म्हणाल्या, "पण भीत भीत बोलतंस. कोण मारता काय?"

ते मसाल्याचे दिवस होते. सगळ्या चाळीने अंगणात जुन्या साड्या अंथरून त्यांवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. बेडगी रंगासाठी, लवंगी तिखटासाठी. बारा महिन्यांचा मसाला मे महिन्यात करून ठेवायचा आणि कोणी किती मिरची, किती धणे, किती दगडफूल घालायचं ते काकूंनी ठरवायचं, असा तिथला रिवाज. मला शाळेत लाल रंगाची इंग्रजी नावं शिकवली होती. इथे बायका मिरच्यांच्या राशीकडे बघून डाळिंबी, शेंदरी, आमसुली म्हणत. मी ते शब्द माझ्या रंगांच्या नळ्यांवर पेन्सिलने लिहून ठेवले.

गोरेगाव

पांडूकाकांनी मला एक दिवस स्टुडिओत नेलं. दारावरच्या माणसाला "पावणी आसा" एवढंच म्हणाले, आणि आम्ही आत.

मला तिथलं आकाश बघायचं होतं. लाकडी चौकटींवर ताणलेलं कापड, दोन मजले उंच, आणि लांबी एवढी की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नव्हता. त्यावर पहाटेचं आकाश रंगवलेलं. जवळून बघितलं तर नुसते फराटे, झाडूएवढ्या ब्रशाचे. वीस पावलं मागे आले आणि ढग झाले. त्याच्या वर खरं आकाश होतं, मेचं, पांढुरकं, आणि खोट्यापुढे अगदीच फिकं पडलेलं. मी तिथे तासभर उभी राहिले. घरी काचेखाली ठेवलेल्या छोट्या छापील चित्रांवरून मी जे शिकत होते त्यापेक्षा हे फार मोठं होतं, आणि त्याला हात लावता येत होता. त्या दिवसापासून मी बारीक ब्रश कमी केले आहेत.

आकाशासमोर खोटं खेडं होतं. झोपड्यांच्या सावलीत गावकरणी झालेल्या बायका आपल्या वेळेची वाट बघत बसल्या होत्या. मी एका कोपऱ्यातून त्यांतल्या एकीला काढायला लागले. हिरवी साडी, कमरेवर घडा, मोठी वेणी. जमत होतं. तेवढ्यात ती वळली आणि सरळ माझ्याकडे आली.

"ए, दाखव." तिने वही ओढलीच. "हे काय यार? नुसती वेणी? अगं, पहाटे उठून मेकअप केलाय तो काय वेणीचा?"

बाकीच्या बायका जमल्या. एक म्हणाली, "शोभे, तुझ्या तोंडाची वाट लागलीय म्हणून नसेल काढलं."

"तुझी लागली! नाही, मला सांग ना. काय वाईट आहे माझ्यात?"

वाईट काहीच नव्हतं. उलट तो चेहरा फारच सुंदर होता, घामाने मेकअपला भेगा पडलेला. मी म्हणाले, "सॉरी." शोभाने वही परत दिली. "सॉरी काय करू, तोंडाला लावू? काढ आता." ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. मी पेन्सिल टेकवली. मग तिच्याकडे बघितलं, तर ती माझ्याकडे बघत होती. पेन्सिल तिथेच राहिली. शेवटी कोणीतरी तिला हाक मारली आणि आम्ही दोघी सुटलो.

पांडूकाकांनी हे सगळं लांबून बघितलं होतं. रात्री जेवताना काकूंना त्यांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं, आणि त्यांच्या मानाने हे भाषणच झालं.

"म्हणजे तुका तोंडा काढूक भय वाटता?" काकू म्हणाल्या.

"भय नाही."

"मगे?"

"समोरचं माणूस बघतं."

"बगतला नाय तर काय करतला? देवान डोळे कित्याक दिल्यानी?" त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला. "उद्या माझा काढ. मी काय तुका खाणंय नाय."

बैठक

काकू दुसऱ्या दिवशी नवी साडी नेसून आल्या. केस तेल लावून चोपून बसवलेले, कुंकू रुपयाएवढं. दारासमोर खुर्ची मांडून त्या बसल्या, दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ. फोटो स्टुडिओत माणूस बसतो तशा. श्वाससुद्धा जपून घेत होत्या.

मी हार्डबोर्डवर तेलरंगात काम सुरू केलं. कान काढले. कपाळ काढलं. नाक चांगलं जमलं. मंगळसूत्राचे मणी तर इतके सुरेख उतरले की मला स्वतःचं कौतुक वाटलं. डोळे मी शेवटी ठेवले होते. ते काढायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "काकू, जरा नळाकडे बघा."

त्या बिचाऱ्या नळाकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी चित्र पुरं झालं. सगळी चाळ बघायला आली. "झकास! अगदी फोटो!" सगळे म्हणाले. मावशी पाळीवरून आली, तिने माझ्या पाठीवर थाप मारली. समोरून काढलेला, ओळखू येणारा, पुरा चेहरा. मला वाटलं, आले आपण भिंतीपर्यंत.

तेलरंग वाळायला दिवस लागतात. अंगणात मिरचीची धूळ आणि मुलांचे चेंडू. मावशीच्या खोलीत जागा नव्हती. काकू म्हणाल्या, "आमच्या भितीर खिळो आसा रिकामो." त्यांच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर ओळीने तसबिरी होत्या. गणपती, त्यांच्याकडचा देव वेतोबा, मग काकूंचे सासरे, मग सासूबाई. सासूबाईंच्या पुढचा खिळा रिकामा होता. मी चित्र त्यांच्याकडच्या एका जुन्या चौकटीत बसवून तिथे अडकवलं.

शुक्रवारी दुपारी

त्या दिवशी मावशी कामावर होती. मी तिच्या खोलीत रॉकेलमध्ये ब्रश धूत बसले होते. काकू चाळीचा मसाला घेऊन डंक्यावर गेल्या होत्या. डंका म्हणजे मसाला कुटायची यंत्राची गिरणी, दोन गल्ल्या सोडून. पांडूकाका पूजा करून कधीच स्टुडिओत गेलेले. दार अर्थातच उघडं.

एकदम शेजारून पुरुषाच्या रडण्याचा आवाज आला. साधं रडणं नाही, हंबरडा.

काकूंच्या उंबऱ्यावर एक उंच, हडकुळे गृहस्थ बसले होते. शेजारी छत्री आणि मसाला न्यायला आणलेला रिकामा डबा. ते पांडूकाकांचे धाकटे भाऊ, भांडुपचे आबा, हे मला त्यांच्या विलापातूनच कळलं.

"वैनी, गेलंस गो! आवशीसारखा केलंस माका, आणि गेलंस! आणि माका कोणी कळवल्यानी नाय! भांडुप काय परदेशात आसा?"

मी आत बघितलं. तसबिरींच्या ओळीत गणपतीला जास्वंद होतं, वेतोबाला होतं, सासऱ्यांना, सासूबाईंना, आणि पुढे माझ्या सरूकाकूंच्या चौकटीवरही एक ताजं जास्वंद होतं. खाली उदबत्ती जळून गेलेली, राख तशीच उभी.

शेजारणी धावत आल्या. त्यांना वाटलं आबाच बातमी घेऊन आले.

"काकू? अगं बाई! सकाळी तर चांगली डंक्यावर गेली!"

"डंक्यावरच झालं असणार. पट्ट्यात पदर गेला असणार गं!"

एकीने भिंतीला टेकून रडायला सुरुवात केली. दुसरीने तिसरीला कवटाळलं. सगळ्या चाळीत खरं काय ते फक्त मला माहीत होतं. "नाही, त्या आहेत," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. समोरच्या बाईने मला छातीशी धरलं आणि म्हणाली, "रड, बाय, रड. मोकळी हो."

तेवढ्यात अंगणाच्या टोकाला सरूकाकू दिसल्या. डोक्यावर डबा, तोंडाला पदर बांधलेला, भुवयांपासून चपलांपर्यंत मिरचीपुडीने लाल. त्यांनी गर्दी बघितली आणि धावतच आल्या.

"कोण गेला?"

आबांनी वर बघितलं आणि त्यांचा हंबरडा दुप्पट झाला.

"आबा! मी हंय आसंय. कोणासाठी रडतंस?"

आबांनी बोटाने भिंत दाखवली. काकूंनी आत जाऊन बघितलं, फूल बघितलं, डबा खाली ठेवला आणि मटकन बसल्या. आधी मला वाटलं त्यांना चक्कर आली. मग कळलं, त्या हसत होत्या.

न्याय

पांडूकाका आले तेव्हा चाळीतले सगळे त्यांच्याच वाटेकडे डोळे लावून होते. फूल कोणी ठेवलं? काकांनी बराच वेळ विचार केला.

"मी ठेवलंय."

"मी जीती आसताना?"

"रांगेत होता. हात गेलो."

वीस वर्षं काका रोज सकाळी चष्मा न लावता त्या ओळीवरून फुलं ठेवत जातात. ओळ एका चौकटीने वाढली, हात एका चौकटीने पुढे गेला, एवढंच झालं होतं.

सगळे हसले, पण आबा हसले नाहीत. ते दुपारी एवढे रडले होते आणि आता ते फुकट गेलेलं त्यांना खपत नव्हतं. "जित्या माणसाचो फोटो मेलेल्यांच्या रांगेत? ह्या बरा न्हय. न्हयत सोडून दे तो. आत्ताच्या आत्ता."

दोन-तीन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी म्हणालं, खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं. आबा म्हणाले, वाढूदे, पण चित्र नदीत. त्यांनी ते खिळ्यावरून काढलंसुद्धा. रंग अजून ओला होता, त्यांच्या अंगठ्याचा ठसा काकूंच्या खांद्यावर उमटला.

चेहऱ्याचं ते माझं एकमेव चित्र होतं. ते गेलं तर सोमवारी हातात काही नव्हतं. मी पुढे झाले आणि चौकट धरली.

"चित्र माझं आहे. ते नदीत जाणार नाही."

हे मी चांगलं मोठ्याने म्हणाले. अंगणातल्या लोकांनी वळून बघितलं इतक्या मोठ्याने. कान तापले, पण चौकट मी सोडली नाही.

"बोलूक येता गो तुका!" काकू म्हणाल्या. "आबा, सोड. आण हय."

त्यांनी चित्र मांडीवर घेतलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्या ते नीट बघत होत्या. "नाक माझाच. मणी माझेच." मग त्यांची नजर डोळ्यांवर थांबली. "पण आबाचो काय दोष नाय. ह्या बाईक बगून माका पण वाटता, गेलीच ही."

मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं आणि मला तेच दिसलं. डोळे नीट काढले होते, पापणीसकट. पण ते कोणाकडेच बघत नव्हते. नळाकडेसुद्धा नाही. ताठ मान, चोपलेले केस, मांडीवर हात. हे चित्र मी सरांकडे नेलं असतं तर त्यांनी घेतलं असतं की नाही, ठाऊक नाही. मी मात्र त्या क्षणी ते न न्यायचं ठरवलं.

"हे तुम्ही ठेवा," मी म्हणाले. "मी दुसरं काढते."

काकूंनी लगेच ठेवून घेतलं. जुन्या पातळात गुंडाळून ट्रंकेत तळाशी. "पुढे लागतलोच. पोरां तेव्हा फोटो हुडकत फिरतली, त्यापरीस बरो. केस पण बरे इले आसत." आबांना काही तरी म्हणायचं होतं. काकूंनी त्यांच्यापुढे सोलकढीचा पेला ठेवला. "पी. घसो सुकलो आसतलो."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता मी बसूची नाय. उद्या आबाचो मसालो कुटूचो आसा. डंक्यार ये. जमला तर काढ."

डंका

एक हार्डबोर्ड उरला होता. तो घेऊन मी गेले.

पत्र्याची शेड. आत लोखंडी मुसळं वर जात होती आणि दाणकन खाली पडत होती. हवा लाल. दारात पाऊल टाकल्याबरोबर मला सात-आठ शिंका आल्या. बायकांनी नाकातोंडाला पदर बांधलेले, फक्त काकूंचा गळ्यात उतरलेला, कारण पदर बांधून हवं तसं ओरडता येत नाही.

"इलंस? थय नको, हय उभी रव. नाक पुस. आवस काय करता तुझी मसाल्याचा?"

"विकत आणते."

"इकत!" त्यांनी मुसळाखाली हात घालून मसाला सरकवला, वेळ साधून, तिकडे न बघता. "आणि बापूस खाता?"

"बाबांना पथ्य आहे."

"कसला?"

त्या प्रश्न विचारत होत्या आणि उत्तर येईपर्यंत माझ्याकडे बघत होत्या. उत्तर द्यायचं तर मलाही वर बघावं लागत होतं. बाबांचं पोट, आईचं शिवण, मी लग्न कधी करणार, सर कडक आहेत का. मी बोलत होते आणि हात चालत होता. रेखाटन केलंच नाही. मोठ्या ब्रशाने सरळ रंग घातला. गालाचा तांबूस, कपाळावरची पूड, घामाने तिच्यात पडलेल्या रेषा, उघडं तोंड, तोंडातला पुढचा थोडा वाकडा दात. एक डोळा तिखटाने अर्धा मिटलेला आणि दुसरा माझ्यावर रोखलेला. तो रोखलेला डोळा मी काकूंकडे बघत काढला. किती वेळ बघत होते, कोण जाणे. मला फक्त त्यातला तपकिरी रंग हवा होता, आणि तो मिळेपर्यंत मी नजर काढली नाही.

हवेतली पूड ओल्या रंगावर बसत होती. आधी मी फुंकर मारून ती उडवत होते. मग सोडून दिलं. ती तिथलीच होती.

मसाला चाळून झाला तेव्हा चित्रही झालं होतं. काकूंनी येऊन बघितलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"शी! ह्या काय? असला तोंड आसा माझा? दात कित्याक काढलंस? भांडकुदळ दिसतंय मी!"

बाकीच्या बायका जमल्या आणि एकजात हसत सुटल्या. "अगदी तूच गं, सरू!" "कालच्यापेक्षा ही बरी, निदान ओरडते तरी!"

"हसतत मेली. मीना, माझा आयकशीत तर आणखी एक काढ. बसतंय मी परत, नवी साडी नेसून."

"नको काकू," मी म्हणाले. "हेच."

मला जराही शंका नव्हती. शंका नसणं म्हणजे काय, ते मला त्या शेडमध्ये पहिल्यांदा कळलं. पोटातून हलकं वाटतं आणि भूक लागते.

रविवारी मी निघाले. काकू फाटकापर्यंत आल्या. चित्रावर अजून राग होता, पण माझ्या पिशवीत त्यांनी मसाल्याची बरणी घातली, सुके बांगडे घातले आणि "बापाशीक दिव नको, पोट बिघडतला" असं बजावलं.

सोमवार

सरांच्या खोलीत बाकीच्यांची चित्रं भिंतींना टेकवून ठेवली होती. मी माझं टेबलावर उभं केलं आणि शेजारी उभी राहिले. एरवी मी अशा वेळी खिडकीपाशी जाते.

सर जवळ आले, मग लांब गेले, मग पुन्हा जवळ आले. रंगात रुतलेल्या मिरचीपुडीवरून त्यांनी बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. मग कपाटातून हातोडी काढली आणि रिकाम्या भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, खिळा ठोकला. चित्र टांगून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"काय ओरडते आहे ही?"

"बगतंस काय, चाळण धर."

"तुला?"

"मला."

"मग धरलीस?"

"नाही सर," मी म्हणाले. "मी चित्र काढत होते."